शिवकांताची वसुबारस

“खोकं कुठंय?” मेघनानं विचारलं.

मन्मथ, म्हणजे माझा मुलगा, जीपमधून बॅगा काढत होता. तो थांबला. त्यानं आधी जीपमध्ये वाकून पाहिलं, मग जीपखाली पाहिलं, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू खोकं मीच लपवून ठेवलंय.

“ट्रॅव्हल्समध्येच राहिलं वाटतं,” तो म्हणाला.

मी एस.टी.तला कंडक्टर. उदगीर डेपोतून निवृत्त झालो. खासगी ट्रॅव्हल्सबद्दल माझं मत काय आहे ते सगळ्या गावाला पाठ आहे, म्हणून त्या वेळी मी ते पुन्हा ऐकवलं नाही. तशी वेळच नव्हती. माझी सून मेघना दीड वर्षाच्या विशूला कडेवर घेऊन अंगणात उभी होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. त्या खोक्यात विशूचं दूध होतं. सगळी दिवाळी पुरेल एवढं सोयाबीनचं दूध तिनं पुण्याहून बांधून आणलं होतं, आणि ते आता आमच्या नातवाला सोडून नांदेडच्या दिशेनं निघालं होतं.

ओसरीच्या पायरीवर माझी बायको शिवकांता भाकरतुकडा घेऊन उभी होती. नातवावरून ओवाळून टाकायचा म्हणून. तिनं सगळं ऐकलं आणि एक अक्षर बोलली नाही. ही बाई गप्प बसली की मला घाम फुटतो.

शिवकांताची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी तिला देवणी जातीची एक गाय आंदण दिली. लग्नात माझ्या वाट्याला एक बायको आणि एक गाय आली, आणि दोघींत गाय स्वभावानं गरीब होती, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात, ती हसत नाही. त्या गाईचीच वीण आमच्या गोठ्यात चालत आलेली. घरातलं एकेक लेकरू त्या दुधावर वाढलं. त्या वेळची गाय चंद्री, मूळ गाईची पणती. तिचं दूध शिवकांता परसातल्या चुलीवर, गोवरीच्या मंद धगीवर, एका काळ्या पडलेल्या मडक्यात तापवायची. मडकं मन्मथच्या बारशाच्या वेळचं. त्यात दुधाशिवाय दुसरं काही जायचं नाही, त्याला कुणी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आल्या-गेल्याला ती सांगायची, “ह्या मडक्यात नुसतं पाणी तापवून प्या, दूध पिल्यावानी लागतंय.”

आणि अशा घरात असा नातू जन्मला की ज्याला दूध चालत नाही.

विशूचं उष्टावण आम्ही गावातच केलं होतं. चंद्रीच्या दुधाची खीर, शिवकांताच्या हातची. आजीनं दोन चमचे भरवले आणि बघता बघता लेकराच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. लातूरला नेईपर्यंत आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टर म्हणाले, गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे, आणि जोरदार आहे. म्हशीचं नाही, शेळीचं नाही, दही-तूपसुद्धा नाही. अंगावरचं सुटलं की सोयाबीनचं दूध द्या. बहुतेक लेकरं मोठी होता होता यातून सुटतात, हेही सुटेल, पण तोवर थेंबभरही नको.

“जर्शीचं असंल तसं,” शिवकांता दवाखान्यातच म्हणाली होती. “देवणीच्या दुधानं कुठं काय होतंय?”

“देवणीचंच होतं आई,” मेघना म्हणाली होती. “दुसरं कुठलं होतं घरात?”

त्या दिवसापासून विशू गावी आला नाही. मेघना फोनवर गोड बोलायची, पण यायचं म्हटलं की तिला काहीतरी काम निघायचं. ती मास्तरांची मुलगी, लातूरला वाढलेली, पुण्यात नोकरी करणारी. तिला आमच्याबद्दल राग नव्हता, तिला भीती होती. आणि सोयाबीनचं दूध हे शब्द ऐकले की शिवकांता नाक मुरडायची. आमच्याकडे सोयाबीन म्हणजे विकायची वस्तू. शिवारात जिकडे बघाल तिकडे तेच, पण घरात कुणी त्याचा दाणा तोंडात टाकत नाही. तेल काढून उरलेली पेंड तेवढी गाईम्हशींसाठी परत येते.

“गाय जे खाती ते लेकराला पाजायचं,” ती मला म्हणायची, “आन् गाय जे देती ते पाजायचं न्हाई. काय अक्कल हाय बाई पुण्याची!”

पण लेकराला बघायला तिचा जीव तुटत होता. शेवटी मीच मेघनाला फोन केला. म्हणालो, “बाळ, दिवाळीला या. दुधाचा थेंब त्याच्याजवळ जाणार नाही, हा माझा शब्द. तुझ्या सासूचाही.” ती म्हणाली, “येतो अप्पा. पण पुन्हा तसं झालं ना, तर मी त्याला परत नाही आणणार.” फोनला कान लावून शिवकांता शेजारीच बसली होती. तिनं ते ऐकलं आणि उठून गोठ्यात गेली.

तर आता ते आले होते आणि खोकं गेलं होतं.

“उद्या उदगीरला जाऊन बघतो,” मन्मथ म्हणाला. “मिळेल कुठंतरी.”

“आणि आज?” मेघना म्हणाली. मग तिची नजर ओसरीवर गेली. ओसरीवर नव्या सोयाबीनची पोती आढ्यापर्यंत लागली होती. नुकतीच मळणी झाली होती, उठाबसायला जागा नव्हती. ती जवळ गेली, एका पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे काढले आणि हातावर घोळवले.

“अप्पा, हे सोयाबीनच ना?”

“न्हाईतर काय, मोती हायेत?” उत्तर शिवकांतानं दिलं.

“मग झालं,” मेघना म्हणाली आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. “दूध घरातच आहे की. मला करता येतं.”

त्या रात्रीपुरतं लेकरानं पेजेवर भागवलं. मेघनानं दाणे निवडून भिजत घातले.

वसुबारस उजाडली. आमच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी गाय पिळायची नाही. सगळं दूध वासराचं. घरातल्या बाईचा उपास, आणि गाईचं दूध, दही, ताक, तूप काही म्हणता काही शिवायचं नाही. संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली की बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपास सोडायचा. दूध मात्र दुसऱ्या दिवशीच. शिवकांता हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाळत आलेली. म्हणून त्या सकाळी चंद्रीचं वासरू मनसोक्त पीत होतं, आणि दुधाचं मडकं राखेनं घासून परसातल्या कट्ट्यावर उन्हात पालथं पडलं होतं.

स्वयंपाकघरात मेघनानं फुगलेले दाणे चोळून साली काढल्या, दाणे मिक्सरमध्ये वाटले आणि ते वाटण पांढऱ्या फडक्यातून पिळलं. आपल्या स्टीलच्या पातेल्यात ते उकळलं. शिवकांता दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. बघायचं नाही असं दाखवत होती, पण मान आत होती.

“रंग तर दुधाचाच हाय गं,” ती शेवटी म्हणाली.

“वास घेऊन बघा.”

तिनं वाकून वास घेतला. “आत्ता गं बाई. हिरव्या शेंगाचा वास.”

“चांगलं उकळलं की कमी होतो. थोडा वेळ सारखं ढवळत राहायचं, नाहीतर लागतं खाली. आणि कच्चं बिलकूल द्यायचं नाही, पोट दुखतं.”

“दोनदा गाळलंस तर?”

“तर आणखी चांगलं होतं.”

विशूनं पेलाभर दूध गटागटा संपवलं आणि आणखी मागितलं. मी शिवकांताकडे पाहत होतो. नातू पोटभर पितोय हे बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही, पण सोयाबीनबद्दलची अढी त्यात कुठं दिसली नाही. विशू तिच्या मांडीवर जाऊन बसला. तिच्या डोरल्याशी खेळू लागला. तिनं त्याला गोठ्यात नेलं, वासरू दाखवलं, लांबूनच. परत आणल्यावर त्याचे हातपाय साबणानं धुतले. मेघना ते बघत होती आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरत चाललेलं मला दिसत होतं.

दुपारी मन्मथ दुधाचं खोकं आणि फटाके आणायला उदगीरला गेला. आदल्या दिवसाच्या प्रवासानं अजून दमलेली मेघना विशूला घेऊन आडवी झाली. मी ओसरीवर पोत्यांच्या सावलीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. आतून मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. मग परसातून गोवरीचा धूर आला. मला वाटलं, संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी चाललीय.

दिवस कलता मेघना उठली तर शिवकांता समोर पेला घेऊन उभी.

“काय आहे आई?”

“दूध हाय. तुझ्यासारखंच केलंय. दोनदा गाळलंय, चांगलं उकळलंय, ढवळत बसले व्हते. बग तरी जमलंय का?”

मेघना पेल्याकडे बघत राहिली. “तुम्ही केलंत? सोयाबीनचं?”

“मग काय झालं? तू रोज थोडीच ऱ्हाणार हैस हितं. शिकाया नगं का?”

मेघनाचे डोळे भरून आले. तिनं विशूला उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. “तुम्हीच पाजा,” ती म्हणाली. “मी फोटो काढते.” तो फोटो अजून मन्मथच्या घरी आहे. शिवकांता मान खाली घालून नातवाच्या तोंडाला पेला लावतेय आणि विशूचे दोन्ही हात पेल्यावर आहेत. उष्टावणाच्या दिवसानंतर तिनं त्याला पहिल्यांदा काही भरवलं होतं.

सूर्य बुडताना पूजा सुरू झाली. चंद्रीच्या शिंगांना गोंडे बांधले होते. शिवकांता गाईच्या पायावर पाणी घालत होती, मेघना ताट धरून शेजारी होती, विशू माझ्याकडे होता. तो मान खाजवू लागला. मी म्हटलं, डास असेल. मग तो खोकला, आणि पुन्हा खोकला. मी त्याचं तोंड कंदिलाकडे वळवलं. ओठ सुजले होते.

“मेघना,” मी एवढंच म्हणालो.

ताट खाली पडलं. पुढचं मला तुटक आठवतं. मन्मथ नुकताच परतला होता, तीच जीप फिरवली. मेघनाकडे ॲलर्जीचं औषध होतं, ते तिनं वाटेत दिलं. शिवकांता मळवटातल्या कुंकवासकट, अनवाणीच जीपमध्ये चढली होती. उदगीरच्या लेकरांच्या डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, इंजेक्शन दिलं, वाफ दिली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, “वेळेवर आणलंत. आता भीती नाही. उद्यापर्यंत इथं राहू द्या.” मग त्यांनी विचारलं, “दूध पोटात गेलं का काही?”

“नाही,” मेघना म्हणाली. मग तिनं सासूकडे पाहिलं. “आई?”

“न्हाई गं. सोयाबीनचंच व्हतं. तुझ्यासमोर पाजलं.”

“ते कळलं. पण घट्टपणासाठी, चवीसाठी, थोडंसं… चमचाभर?”

“आज बारस हाय मेघना!” शिवकांताचा आवाज चढला. “गाय पिळली सुदीक न्हाई. घरात थेंब न्हाई दुधाचा. आजच्या दिवशी मी दूध शिवंन?”

“मला तुमची बारस-बिरस नाही माहीत,” मेघना म्हणाली. ती ओरडत नव्हती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. “सकाळी मी दिलं, काही झालं नाही. संध्याकाळी तुम्ही दिलंत, हे झालं. दाणे तेच, घर तेच. मग कशानं झालं? तुम्हाला वाटत असेल, थोडं थोडं पाजलं की सवय होईल त्याला. खूप जणांना वाटतं तसं.”

“चंद्रीची शपथ घेते मी.”

मन्मथ आईजवळ गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी हळू, म्हणाला, “माय, कुणी रागावणार नाही. चुकून गेलं असेल तर सांग फक्त. डॉक्टरांना कळायला पाहिजे.”

शिवकांतानं त्याच्याकडे पाहिलं. “तूबी?” ती म्हणाली.

कंडक्टर असताना मी हजार भांडणं सोडवली. दोघांनाही खाली उतरवीन म्हटलं की लोक गप्प व्हायचे. त्या दवाखान्यात मला कुणाला काही म्हणता येईना. शिवकांता बारशीच्या दिवशी दूध शिवणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. लेकरू आत सुजून पडलंय हेही खरं होतं. मेघनानं सांगितलं, उद्या सकाळी बॅगा घेऊन ती सरळ लातूरला, माहेरी जाणार. पुन्हा कधी, याबद्दल ती काही बोलली नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. आम्हा दोघांना मन्मथनं गावी पाठवून दिलं. शिवकांतानं उपास सोडला नव्हता. मी भाकरी पुढं केली, तिनं ताट सरकवलं.

“मग झालं कशानं?” ती मला विचारत होती. “ओ, तुमी सांगा. झालं कशानं?”

सकाळी मी उठलो तर मिक्सर चालू होता.

“आता कुणासाठी करलालीस?” मी विचारलं. परसात चूल पेटलेली होती.

जीप अंगणात आली. मेघना उतरली, विशू तिच्या खांद्यावर झोपलेला. सूज उतरली होती, पण चेहरा मलूल होता. मन्मथ बॅगा आणायला आत गेला. तेवढ्यात शिवकांता पेला घेऊन बाहेर आली आणि मेघनाच्या समोर उभी राहिली.

“हे पी.”

“आई, आता नको. उशीर होतोय.”

“काल त्येला दिलं तेच हाय. तेच दाणे, त्याच हातानं, तसंच केलंय. माझ्यासमोर पी आन् यात काय हाय ते तूच सांग. मग जा. मी अडवणार न्हाई.”

मेघनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं पेला घेतला, एक घोट घेतला, आणि थांबली. दुसरा घोट घेतला. तिचा चेहरा घट्ट झाला.

“यात दूध आहे,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“आई, मला कळतं ना! काल मी केलं त्याला अशी चव नव्हती. ही सायीची चव आहे. गोड, धुरकट. अप्पा, तुम्ही घ्या, तुम्ही सांगा.”

मी घोट घेतला. माझा नाइलाज झाला. मागून शेंगांची चव येत होती, पण त्याआधी जिभेवर आली ती चंद्रीच्या दुधाची चव. इतकी वर्षं पीत आलेलो मी. ओळखणार नाही असं कसं होईल?

“हाय चव,” मी खालमानेनं म्हणालो.

“असणारच की!” शिवकांता उसळून म्हणाली. “मडकं कुणाचं हाय? माझ्या मडक्यात तर नुसतं पाणी तापवलं तरी दुधा…”

ती तिथंच थांबली.

मन्मथ दोन्ही हातांत बॅगा घेऊन दारात तसाच उभा.

“मडक्यात?” मेघनानं विचारलं. “तुम्ही दुधाच्या मडक्यात उकळलंत?”

“घासलं व्हतं,” शिवकांता पुटपुटली. “राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. थेंब नव्हता त्यात.”

“पण मडक्यातच का? माझं पातेलं होतं ना तिथं.”

“मग कशात करायचं?” शिवकांता तिच्याकडे बघत म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. “लेकराचं दूध हाय. दूध कुणी कालवणाच्या पातेल्यात तापवतंय व्हय?”

मेघना ओसरीच्या पायरीवर बसली. ती पेल्यातल्या दुधाकडे बघत होती. ज्याला पेंड म्हणून हिणवलं ते या बाईनं आपल्या मडक्यात घातलं होतं, हे तिला कळलं. मला ते तिच्या तोंडावर दिसलं. एवढ्या वर्षांत त्या मडक्यात मलाही चहा करू दिला नव्हता तिनं.

“आई, मी काल तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं,” मेघना म्हणाली.

“ठरवणारच की. आई हैस तू त्याची.” शिवकांताचा आवाज फुटला. “पर माझ्याच हातानं गेलं गं. शपथ खाल्ली मी चंद्रीची, आन् माझ्याच हातानं गेलं.” आणि ती रडायला लागली. चाळीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

मेघना उठली. खांद्यावरचा विशू तिनं अलगद सासूच्या खांद्यावर दिला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, असे उभे काय राहिलात? बॅगा ठेवा आत.”

ते भाऊबीजेपर्यंत राहिले. शिवकांता कुंभाराकडे जाऊन नवं कोरं मडकं घेऊन आली. त्याच्या गळ्याला तिनं लाल दोरा बांधला आणि पहिल्यांदा त्यात सोयाबीनचंच दूध तापवलं. “हे विशूचं,” तिनं घरात जाहीर केलं. “ह्येला गाईचं दूध शिवलं तर माझ्याशी गाठ हाय.” जुनं मडकं तिनं दूर, गोठ्याशेजारच्या पडवीत नेलं. आमचं दूध तिथंच तापायचं. विशूच्या पेल्याला हात लावायचा तर माझ्यासकट सगळ्यांनी आधी साबणानं हात धुवायचे. कंडक्टरकीत मी एवढी तपासणी केली नव्हती. त्या दिवाळीनंतर विशू प्रत्येक सुट्टीला गावी आला.

मंडळी पुण्याला गेल्यावर एका सकाळी चहा घेताना माझ्या लक्षात आलं की शिवकांताच्या कपात कोरा चहा आहे.

“दूध संपलं का?” मी विचारलं.

“हाय की.”

“मग?”

“माझी बारस सुटली न्हाई अजून.”

मला वाटलं, थट्टा करतेय. “अगं, दिवाळी होऊन गेली. भाकरी तर खातीस.”

“भाकरी खाते. दूध न्हाई. त्या सांजच्याला पूजा पुरी झाली न्हाई, तवाच लेकरू पडलं. अर्ध्यावर ऱ्हायलीय बारस.” तिनं कप तोंडाला लावला. “त्येला चालंल तवा मला चालंल. आन् हे कुणापाशी बोलायचं न्हाई.”

मी भांडून पाहिलं, समजावून पाहिलं. डॉक्टरांचं नाव सांगितलं, देवाचं नाव सांगितलं. तिनं ऐकलं ते फक्त तिचंच. दूध सुटलं, ताक सुटलं, पुरणपोळीवरचं तूप सुटलं. चंद्रीला ती रोज स्वतः पिळायची, तापवायची, मला द्यायची, उरलेलं डेअरीला घालायची. साय बोटाला लागली तर पाण्यानं धुऊन टाकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “पित्त होतंय मला.” मेघनासुद्धा तिच्यासाठी पुण्याहून पित्ताच्या गोळ्या आणायची आणि ही त्या डब्यात साठवून ठेवायची.

विशू शाळेत जायला लागला त्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात बसवून थेंबाथेंबानं दूध दिलं आणि दिवसभर नजरेखाली ठेवलं. काही झालं नाही. पुढच्या वेळी जास्त दिलं, तरी काही नाही. मन्मथचा फोन आला तेव्हा शिवकांता ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि गोठ्याकडे तोंड करून हात जोडले.

ते दिवाळीला आले. वसुबारस झाली, पूजा या वेळी पुरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांतानं पडवीतलं जुनं मडकं स्वयंपाकघरात आणलं. चंद्रीच्या कालवडीचं, आता तीच दुभती होती, दूध तापवलं आणि पेला भरून विशूपुढं धरला. आम्ही सगळे भोवती उभे. मेघनाच्या एका हातात औषधाची पिशवी होती, सवयच ती.

विशू अर्धा पेला प्यायला. मग त्यानं तोंड वाकडं केलं.

“आजी, ह्याला कसलातरी वास येतोय,” तो म्हणाला. “मला माझ्या मडक्यातलं दे ना. ते गोड असतं.”

पहिल्यांदा हसली ती शिवकांताच. इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत तिनं लाल दोऱ्याच्या मडक्यातलं दूध त्याला दिलं आणि तो ते पीत अंगणात पळाला.

त्याचा उष्टा पेला ओट्यावर तसाच होता. शिवकांतानं तो उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला.

“आई, उष्टं कशाला? आणि तुम्हाला पित्त होतं ना दुधानं?” मेघना म्हणाली.

“पिऊ दे तिला,” मी म्हणालो. गुपित ठेवायचा शब्द मी दिला होता, पण आता तो पुरा झाला असं मी धरलं. “पित्त-बित्त काही नव्हतं बाळ. विशूला चालत नाही तोवर मलाही नको, असं म्हणून बसली होती. त्या बारशीपासून.”

शिवकांतानं पेला रिकामा केला, पदरानं ओठ पुसले आणि माझ्यावरच डाफरली, “ओ, गाईची पेंड बदललीव का? साय कमी हाय.”

मेघनानं तिच्या हातातून पेला काढून घेतला. जुन्या मडक्यावरचं झाकण उचललं, पेला काठोकाठ भरला आणि परत तिच्या हातात दिला.